पिक्चर, सिरियल अन् नटनट्या: डिशवाल्याले घडीघडी विचारले जाणारे प्रश्न

मी पांढरकवड्याच्या बाजूच्या एका खेड्यात डिश बसवतो, रिचार्ज मारतो, सेट टॉप बॉक्स दुरुस्त करतो. धंदा डिशचा, पण लोक विचारतात पिक्चरचं. दुकानात विचारतात, व्हॉट्सअपवर विचारतात, एकानं तर मयतीत विचारलं. तेच तेच उत्तर देऊन थकलो म्हणून एकदाचं लिहून काढलं. आता कोणी विचारलं की नंबर सांगतो, "तीन नंबरचं वाच."

१. तू त डिशवाला, तुले पिक्चरचं काय समजते?

समजते असं मी म्हणतच नाई. पण चौदा वर्षं झाले लोकाईच्या छपरावर चढून राहिलो. मी वर छत्री फिरवतो, खाली कोणीतरी टीव्हीसमोर उभं राहून ओरडते, "आला… आला… गेला!" सिग्नल बसला की चहा होईपर्यंत घरच्याईसोबत जे लागलं असन ते पाहाचं. असं दुसऱ्याच्या घरात बसून मी जेवढा टीव्ही पाह्यला तेवढा पेपरात लिहिणाऱ्यानं पाह्यला नसन. अन् एक ध्यानात आलं. आपल्याकडचे लोक पिक्चरले चांगला-वाईट नाई म्हणत, "खरा वाटते" नाईतर "खोटा वाटते" म्हणतात. माह्या आजीची परीक्षा त लय सोपी होती. पिक्चरमधली बाई वावरात निंदाले बसली की तिनं इळा कसा धरला तेवढं पाहाची, अन् तिथंच निकाल. मी बी तीच परीक्षा लावतो, फक्त हातासोबत जीभ बी पाहतो.

२. विदर्भावरचा एकच पिक्चर पाहाचा असन त कोणता?

'स्थळ'. विचारच करू नका.

जयंत दिगंबर सोमलकर नावाचा आपला चंद्रपूर जिल्ह्यातला माणूस, त्यानं डोंगरगावात हा पिक्चर काढला अन् गावातलेच लोक घेतले, ज्याईनं जन्मात कॅमेरा पाह्यला नव्हता. २०२३ मध्ये तो टोरंटोच्या फेस्टिव्हलले गेला अन् तिथं आशियातल्या पिक्चरले देतात ते नेटपॅक बक्षीस घेऊन आला. टॉकीजमध्ये लागाले मात्र मार्च २०२५ उजाडला. गोष्ट एवढीच की सविता नावाची पोरगी आहे, तिले शिकाचं आहे, अन् घरी पाहुणे येऊन राहिले. पाट मांडला, पोरगी आली, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, वावरात काम येते का. पाहुणे गेले. मग दुसरे पाहुणे आले अन् परत तेच सारं, अगदी त्याच क्रमानं.

माह्या शेजारच्या काकू पाहताना म्हणे, "हे तेच तेच काऊन दाखवून राहिले?" मी म्हटलं काकू, तुमच्या पोरीले किती जणाईनं पाह्यलं होतं? काकू गप. थोड्या वेळानं म्हणे, "अकरा." मग शेवटपर्यंत एक शब्द नाई बोलली.

नंदिनी चिकटे नावाच्या पोरीनं सविता केली आहे. ती काही करतच नाई असं वाटते, नुसती खाली पाहून बसते, अन् तरी तुमाले तिच्या पोटातलं सारं समजते. बापाचं कापसाच्या भावाचं टेन्शन, हुंड्याचं टेन्शन, सारं काही आपल्या ओसरीवरचं. मारामारी नाई, गाणं नाई. ज्याईले मारामारी पायजे त्याईनं १२ नंबरचं वाचा.

३. पिक्चर-सिरियलमधली वऱ्हाडी खरी का नकली, हे कसं ओळखाचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येते, अन् पुण्या-मुंबईतले आपलेच पोरं जास्त विचारतात.

नकली वऱ्हाडी ओळखाची पहिली खूण म्हणजे दर वाक्याले "बाप्पा". अरे बाबा, आमी दिवसातून चार वेळा बाप्पा म्हणतो, चाळीस वेळा नाई. दुसरी खूण, "करून राहिलो, जाऊन राहिलो" एवढं एकच पाठ केलेलं असते अन् बाकी सगळं वाक्य सदाशिव पेठेतलं, म्हणजे "मी तुला सांगून राहिलो आहे". जो माणूस "राहिलो" म्हणन तो "तुला" म्हणन का? तो "तुले" म्हणन. मले, तुले, कायले, पाहाले, हे "ले" जिथं चुकलं तिथं तो नट वऱ्हाडातला नाई, मग त्यानं किती बी "काऊन बे" म्हणो. तिसरी खूण अशी की खरा वऱ्हाडी माणूस भाषेचा इनोद करत नाई, तो आपलं बोलते अन् इनोद आपोआप होते. नकलीवाला प्रत्येक शब्दानंतर हसाची वाट पाहते.

बाईले "व" अन् माणसाले "बे", हे बी पाहाचं. 'नाळ' पिक्चरमधल्या गाण्यात पोरगा मायले "जाऊ दे नं व" म्हणते ना, तो "व" आमच्याकडचा. त्या गाण्यानं साऱ्या महाराष्ट्राले आमचा एक शब्द दिला. चैत्याचं काम करणारा श्रीनिवास पोकळे अमरावतीचाच, म्हणून त्याच्या तोंडात ते बसलं, शिकवलेलं नाई वाटलं. त्याले राष्ट्रीय पुरस्कार बी भेटला, चार बालकलाकाराईत वाटून.

अन् सगळ्या विदर्भाची एक भाषा नाई हे बी ध्यानात ठेवा. अकोला-अमरावती-यवतमाळकडची वऱ्हाडी वेगळी, नागपूरची हिंदी मिसळलेली वेगळी, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीची झाडीबोली त पुरीच वेगळी. टीव्हीवाले तिन्ही एकाच गंजात शिजवतात.

४. मग 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकाचं बोलणं खरं होतं का नकली?

अपवाद. अनिता दाते नाशिकची, म्हणजे ३ नंबरच्या हिशोबानं नापास व्हाले पायजे होती. पण झाली नाई. पहिल्या काही महिन्यात कुठं कुठं सूर हालते, पण तिनं राधिका नागपूरची बाई म्हणून पकडली, नुसती बोली म्हणून नाई. ते कमरेवर हात ठेवून उभं राहणं, मसाले विकणं, नवऱ्याले तोंडावर सांगणं. माह्या गावातल्या बाया तिले "आपली" म्हणत होत्या, शनायाले शिव्या देत होत्या अन् गुरुनाथले त काय म्हणत होत्या ते इथं लिहिता येत नाई. २०१६ ले सुरू झाली अन् २०२१ पर्यंत चालली, त्यातले शेवटचे दोन वर्षं नसते त मी बी तिले दहापैकी नऊ दिले असते.

५. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे वऱ्हाडीतलं सगळ्यात फेमस नाटक ना?

नाई. लय लोक फसतात इथं. त्यातलं "वऱ्हाड" म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, बस भरून जाणारं, वऱ्हाड प्रांत नाई. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादचे, भाषा मराठवाड्याची. एकटा माणूस ५२ पात्रं करते, गिनीजमध्ये नाव गेलं, अन् ते पाहून हसला नाई असा माणूस मले भेटाचा आहे. पण ते आपलं म्हणून सांगू नका, मराठवाड्यातला जावई बसला असन त भांडण होईन.

६. विदर्भातला एकही मोठा हिरो काऊन नाई?

हिरो म्हणजे गाडीतून उतरताना केस उडणारा असं असन त खरंच नाई. पण माणसं मोजली त बोटं कमी पडतात. मुन्नाभाई अन् थ्री इडियट्स काढणारा राजकुमार हिरानी नागपूरचा. 'देवकीनंदन गोपाळा' अन् 'अरे संसार संसार' काढणारे राजदत्त आपल्याच भागातले, त्याईले २०२४ ले पद्मभूषण भेटलं अन् गावात कोणाले माहीत बी नाई. त्याच 'अरे संसार संसार'मधलं काळ्या मातीत तिफन चालवणारं गाणं अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं, अजून बी पेरणीच्या दिवसात माह्या दुकानासमोरच्या ट्रॅक्टरवर वाजते. 'झुंड'मधला डॉन, अंकुश गेडाम, नागपूरचा पोट्टा.

अन् 'कोर्ट' पिक्चरमधले शाहीर नारायण कांबळे झाले होते ते वीरा साथीदार, नागपूरचे. नट नव्हते, चळवळीतले माणूस होते. कोर्टाच्या पिंजऱ्यात ते जसे उभे राहतात, थकलेले पण वाकलेले नाई, तसं उभं राहणं ॲक्टिंगच्या शाळेत शिकवत नसन कोणी. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले.

सोनू सूदचं नाव घेऊ नका, तो फक्त नागपूरले इंजिनिअरिंग शिकला. तेवढ्यानं आपला होत नाई, नाईतर अर्धा देश आपला निघन.

७. भारत गणेशपुरे खरोखरच तसेच बोलतात का?

हाव. अमरावतीकडचे आहेत, त्याईले बोली लावा लागत नाई. 'चला हवा येऊ द्या'मध्ये बाकीचे उड्या मारून हसवाचे अन् हे नुसते उभे राहून एक वाक्य टाकाचे. वऱ्हाडी इनोद असाच असते, चेहरा मेलेला अन् शब्द जिवंत. माही एकच तक्रार आहे, ते टीव्हीवर आले तवापासून प्रत्येक सिरियलले एक वऱ्हाडी बोलणारा नोकर नाईतर हवालदार ठेवाची फॅशन आली. वऱ्हाडी बोलणारा कधी डॉक्टर, कधी कलेक्टर झाला त दाखवा मले.

८. हवा येऊ द्या भारी का हास्यजत्रा?

सुरुवातीचे तीन-चार वर्षं हवा येऊ द्या, नंतर हास्यजत्रा. भाऊ कदम नुसता स्टेजवर आला तरी हसू येते, तो वेगळाच माणूस. पण तिथं पुढं पुढं पिक्चरचं प्रमोशन जास्त अन् स्किट कमी झालं, अन् माणसाले साडी नेसवली म्हणजे झाला इनोद, असं वाटाले लागलं. हास्यजत्रेत लिहिणारे मेहनत घेतात. समीर चौघुलेचं तोंड वाकडं करणं लोकाईले आवडते, मले नम्रता संभेराव जास्त आवडते, ती म्हातारी झाली की खरी म्हातारी वाटते (आजीच्या परीक्षेत पास). पाहताना बाजूले बसून हसणारे जज थोडे कमी हसले असते त आमाले बी हसाले जागा राहिली असती.

९. 'शेरनी' पिक्चर आपल्याच अवनी वाघिणीवर आहे ना?

पिक्चरवाल्याईनं सरळ नाव नाई घेतलं, पण पाहणारा समजते. जंगल खात्याच्या हिशोबात आपली अवनी म्हणजे टी-१, पिक्चरमधली टी-१२. आपल्या वाघिणीले दोन पिल्लं, तिले बी दोन. इकडं शिकारी बोलावला, तिकडं बी बोलावला. पण गोष्ट मध्य प्रदेशात घातली, शूटिंग बी तिकडंच झालं, म्हणून "पांढरकवड्यात शूट झाला" असं जो सांगते त्याचं ऐकू नका.

आता माहं मत विचारता त थोडं लांबण लागन. २०१६ ते २०१८ हे वर्षं आमी राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात काढले आहेत. तिच्यापायी तेरा माणसं गेले म्हणत. कापूस वेचाले बाया एकट्या जात नव्हत्या, टोळीनं जायच्या, हातात काठ्या, एक जण नुसता पाहाले उभा. रात्रीची लाईन असली तरी ओलिताले माणूस वावरात जाईना. मी स्वतः पाच वाजल्यानंतर कोणाच्या छपरावर चढत नव्हतो, कारण घरी परत येताना रस्ता जंगलातून. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिले मारलं अन् सकाळी कुठं फटाके फुटले, अन् दुसरीकडं शहरातले लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. दोन्ही मी त्याच टीव्हीवर पाह्यले, मीच बसवलेल्या.

विद्या बालननं काम झकास केलं. डीएफओ म्हणजे जंगल खात्याची साहेब बाई, आरडाओरडा नाई, ऑफिसातल्या माणसाईच्या मधात गुदमरलेली. जंगल खात्याचं राजकारण, पुढाऱ्याईचं भांडण, ते सारं लय खरं आहे. अमित मसुरकरचा 'न्यूटन' बी असाच होता, सरकारी माणूस अन् जंगल. पण वाघाच्या भीतीनं रात्री अंगणात लघवीले न जाणारं लेकरू पिक्चरमध्ये नाई. गाववाले दिसतात, पण गावाची भीती दुरून दिसते. मी पिक्चरले चांगलाच म्हणतो. फक्त तो जंगल खात्याच्या जीपमधून पाह्यलेला आहे, आमच्या धुऱ्यावरून नाई.

१०. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरचे पिक्चर पाहून मन खराब होते, तरी पाहाचे का?

बहुतेक नका पाहू. बहुतेकात झाड, दोर, विधवा अन् बासरी, एवढंच असते. अन् कास्तकाराचा सदरा नवा कोरा, फक्त चहात बुडवून मळकट केलेला.

पण 'गाभ्रीचा पाऊस' पाहा. २००९ चा, सतीश मनवरचा. यात शेजारी जीव देते अन् किस्नाच्या बायकोच्या डोक्यात भीती बसते की आपला नवरा बी काही करून घेईन. मग ती त्याच्यावर पाळत ठेवते, पोराले मागं धाडते. गिरीश कुलकर्णी अन् सोनाली कुलकर्णी. गंमत म्हणजे पिक्चर हसवते. खरंच हसवते, कारण किस्नाले समजतच नाई की घरचे आपल्याशी एवढं गोड काऊन वागून राहिले. अन् पाऊस? पायजे तवा येत नाई, नको तवा येते. पेरणी मोडणं म्हणजे काय हे मुंबईच्या माणसाले समजवाचं असन त हा पिक्चर दाखवा, भाषण देऊ नका. माह्या बानं अर्धा पाह्यला अन् उठून बाहेर गेला, म्हणे "हे मले माहीत आहे." माह्यासाठी तो सगळ्यात मोठा अवॉर्ड.

११. 'सैराट' भारी का 'झुंड'?

सैराट. पण थांबा, वाटते तेवढं सोपं नाई.

सैराट २०१६ ले आला तवा आमच्याकडून दोन मेटाडोर भरून लोक यवतमाळले गेले होते. जाताना पोट्टे गाणे म्हणत गेले, येताना मेटाडोरमधी कोणी बोललं नाई. मराठीतला पहिला शंभर कोटीचा पिक्चर, अन् हिरो-हिरोईन दोघं बी नवेकोरे. नागराज मंजुळेनं करमाळ्याकडची आपली माती दाखवली, म्हणून ती खरी. नंतर हिंदीत 'धडक' काढला, गोष्ट उदयपूरले नेली, राजवाडे आले, जात पुसट झाली, अन् मग राहिलं काय? आजीच्या परीक्षेत बसूच शकत नाई तो.

'झुंड' आपल्या नागपूरचा. हिस्लॉप कॉलेजचे खेळाचे सर विजय बारसे, त्याईनं झोपडपट्टीतल्या पोट्ट्याईले फुटबॉल दिला, त्यावरचा. पहिला अर्धा भाग मले सैराटपेक्षा बी जास्त आवडला, कारण ते पोट्टे, त्याईचं बोलणं, चालणं, ढोल वाजवणं, सारं खरं नागपूर. दुसरा अर्धा लांबला, पिक्चर तीन तासाच्या आसपास जाते. अमिताभले पाहून लोक येतीन म्हणून त्याले घेतलं असन, त्यानं बी स्वतःले बाजूले ठेवून काम केलं, पण माहे डोळे सारखे पोट्ट्याईकडंच जात होते.

१२. साऊथच्या डब पिक्चरमधल्या हिरोचा हिंदी आवाज कोणाचा असते?

'पुष्पा'मध्ये अल्लू अर्जुनचा हिंदी आवाज श्रेयस तळपदेचा. 'बाहुबली'त प्रभासचा आवाज शरद केळकरचा. म्हणजे साऱ्या देशात गाजलेला आवाज आपलाच मराठी माणूस. हे सांगितलं की दुकानात अर्धा तास कोणी हालत नाई.

माहं मत, दुपारी जेवल्यावर पाहाले डब पिक्चरसारखं दुसरं काही नाई. एक माणूस वीस जणाले मारते, मधात गाणं, मायचं रडणं, परत मारामारी, झोप लागली तरी काही सुटत नाई. आमच्याकडून आदिलाबाद जवळ, पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, त्यामुळं काही लोक सरळ तेलुगूतच पाहतात अन् डब पाहणाऱ्याले हसतात. रितेश देशमुखचा 'वेड' पाहून सारे रडले, तवा त्यातला एक जण म्हणे, "मी हा तेलुगूत पाह्यला आहे." खरं होतं त्याचं, 'मजिली'वरूनच काढला आहे. तरी मले वेड आवडला. उसनी साखर बी गोडच लागते.

१३. सिरियलमधल्या बाया झोपताना बी दागिने काऊन घालून राहतात?

कारण सिरियलमध्ये कोणी झोपतच नाई, पलंगावर पडून कट करतात.

१४. सिरियल संपत काऊन नाई? बंद कराले कोणाले सांगाचं?

मले सांगू नका, म्या फक्त छत्री बसवली. चॅनेलवाले पाहतात टीआरपी. बार्क नावाची संस्था आहे, तिनं देशातल्या काही निवडक घरात मीटर लावलेले आहेत, त्या घरात काय पाहतात त्यावरून दर आठवड्याले आकडे निघतात, अन् आकड्यावर जाहिरात. आकडा चांगला आहे तोवर सिरियल ओढाची, मग मेलेला माणूस परत येते, एका बाईसारखी दिसणारी दुसरी बाई येते, कोणाची तरी याददाश्त जाते. आकडा पडला की पंधरा दिवसात सगळ्याईचं लग्न लावून मोकळे.

म्हणजे तुमच्या घरी मीटर नसन त तुमी शिव्या देत पाह्यली काय अन् नाई पाह्यली काय, त्याईले सारखंच. एका वहिनीले हे सांगतलं त तिनं मलेच विचारलं, "मग तो डबा तू बसवून दे नं." नाई बसवता येत वहिनी, तो कोणाच्या घरी आहे हे बी गुपित असते.

१५. आमच्या तालुक्यात मराठी पिक्चर लागतच काऊन नाई?

कारण टॉकीजच नाई. जी होती तिथं आता लग्नं लागतात. मग राहिलं यवतमाळ नाईतर नागपूर, अन् तिथं बी मराठीले शो भेटते सकाळचा नाईतर अशा वेळेचा की शेवटची एसटी चुकलीच समजा. पहिल्या आठवड्यात लोक आले नाई म्हणून शुक्रवारी पिक्चर काढला, अन् लोक आले नाई कारण गावापर्यंत समजलंच नव्हतं की लागला. 'बाईपण भारी देवा'चं तेवढं वेगळं झालं, बचत गटाच्या बाया गाडी करून गेल्या, कोणाले विचारलं नाई, साड्या बी ठरवून नेसल्या. त्या पिक्चरमधल्या सहा बहिणीपेक्षा त्या गाडीतल्या चौदा जणी जास्त भारी होत्या, असं ड्रायव्हर सांगते.

लहानपणी जत्रेत तंबूचा टुरिंग टॉकीज यायचा, जमिनीवर बसाचं, रीळ तुटलं की शिट्ट्या. 'माहेरची साडी' मी असाच तंबूत पाह्यला अन् बायाईच्या रडण्याच्या आवाजात डायलॉग ऐकूच आले नाई.

१६. झाडीपट्टीचं नाटक पिक्चरपेक्षा भारी असते म्हणतात, खरं का?

हाव, अन् हे मी टीव्हीच्या धंद्यातला माणूस सांगून राहिलो.

दिवाळीनंतर धान निघालं की होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात गावोगाव नाटक लागतात. देसाईगंज-वडसा हे त्याचं गाव, तिथं नाटक कंपन्याईचे ऑफिसच आहेत. दिवसा शंकरपट म्हणजे बैलाची शर्यत, रात्री नाटक, दहाच्या आसपास पडदा उघडला की पहाट होते. लोक पाहुण्याईले आवतन देऊन बोलावतात, नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जुळतात. या रंगभूमीसाठी परशुराम खुणे याईले २०२३ ले पद्मश्री भेटली.

मी दोस्तासोबत दोनदा गेलो. पहिल्यांदा माह्या डोक्यात होतं की गावचं नाटक म्हणजे हौशी काहीतरी असन. तिथं हजारो माणूस थंडीत ब्लँकेट घेऊन बसलेला, इनोदी नट आला की आरोळी, अन् व्हिलनले एका म्हातारीनं बसल्या जाग्यावरून अशी शिवी हासडली की तो दोन सेकंद डायलॉग विसरला. टीव्हीवर हे होऊ शकते का? रडणं जास्त असते, गोष्ट पुष्कळदा अंदाज येण्यासारखी असते, हे मान्य. पण माणूस समोर घाम गाळून राहिला असते.

१७. फ्री डिशवर मराठी काय काय दिसते? महिन्याले पैसे द्या लागते का?

महिन्याचे पैसे नाई, एकदा छत्री-बॉक्सचा खर्च. सह्याद्री दिसते. खाजगी चॅनेल लिलावात जागा घेतात, म्हणून कधी एखादं येते, कधी जाते, मी काढत नाई. मोठे सिरियलवाले पैशाचे चॅनेल त्यात येत नाईत, त्यासाठी दुसरा बॉक्स. अन् आभाळ आलं की चित्र फुटते ते बॉक्स खराब म्हणून नाई, सिग्नलच्या लहरी पावसाच्या थेंबात अडकतात. पाऊस थांबू द्या, मग फोन करा.

१८. लेकराईसोबत पाहाले चालते का हे कसं समजाचं?

सुरुवातीचं सर्टिफिकेट पाहा, जे आपण सगळे पुढं ढकलतो. यू म्हणजे सगळ्याईले, ए म्हणजे मोठ्याईले. मधातला यूए आता नोव्हेंबर २०२४ पासून तीन भागात केला, ७ वर्षं, १३ अन् १६. ते वय म्हणजे मायबापानं ठरवाचं, दारावर कोणी अडवणार नाई. माहं विचाराल त 'फँड्री' सातवी-आठवीतल्या पोराले सोबत बसून दाखवा, अन् संपल्यावर लगेच उठू नका, तो काहीतरी विचारन.

१९. टेलिग्रामवर नवा पिक्चर आला म्हणे, पेनड्राईव्हमध्ये मारून देतो का?

नाई देत. २०२३ च्या कायद्यानं टॉकीजमध्ये पिक्चर शूट करणाऱ्याले तीन महिने ते तीन वर्षं कैद अन् कमीत कमी तीन लाख दंड आहे. तुमी म्हणान मी त शूट नाई केला, नुसता पाठवला. चोरीचा बैल विकत घेणारा बी तेच म्हणते. कंपनीनं स्वतः यूट्यूबवर टाकलेला असन त बिनधास्त पाहा, त्याची लिंक मीच पाठवतो. अन् मुख्य म्हणजे त्या चोरीच्या प्रिंटमध्ये समोरून माणूस उठून जाताना दिसते, पैसे वाचवून त्याची पाठ पाहाची आहे का?

२०. जुन्यापैकी काय पाहू?

'अशी ही बनवाबनवी' तुमी पाह्यलाच आहे, परत पाहा. दादा कोंडके पाहा, पण सासऱ्यासोबत नका पाहू. 'देवकीनंदन गोपाळा' पाहा, श्रीराम लागू गाडगेबाबा झाले आहेत, अन् झाडू मारताना त्याईचा हात पाहा. आजीनं तो हात पास केला होता.

२१. रात्री आठ वाजता डिश गेली त फोन करू का?

करा, पण आठ ते साडेनऊ मी उचलत नाई. मायची सिरियल असते, घरी एकच खोली आहे, अन् फोन वाजला की ती रिमोट फेकून मारते. एकदा तिच्या सिरियलमधीच आमचा सिग्नल गेला होता. पावसात छपरावर चढलो, छत्री फिरवली, खालून आवाज काहीच नाई. उतरून पाह्यलं त माय शेजारच्या घरी जाऊन बसली होती.